वाटलेली पात, मांडलेली नोंद
(दर्यापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांच्या हाताखाली मी शाळकरी वयात दोन उन्हाळे काढले. वाचनालयातली पुस्तकं पुसायची, उन्हात ठेवायची आणि पाठीवरचा क्रमांक वाचून जागच्या जागी लावायची, एवढंच काम होतं. एखादं पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं तर गुरुजी रागावत नसत. "बाबू, हे पुस्तक तू हरवलंस," एवढंच म्हणत. पुस्तक डोळ्यांसमोर असे, तरी हरवलेलं असे, कारण ज्याला ते हवं त्याच्या हाती ते लागणार नसे. पुढं नोकरीची सगळी वर्षं मी संगणकावर दस्तऐवजांच्या मोठमोठ्या साठ्यांत शोध घेण्याचं काम केलं. गुरुजींचं ते वाक्य त्या कामाच्या पायाशी राहिलं.

आजचा विषय तोच आहे. कोट्यवधी कागदांचा साठा समोर आहे, त्यातली एक नोंद हवी आहे, आणि ती शोधायला एकाऐवजी शेकडो संगणक एकाच वेळी लावायचे आहेत. याला समांतर संगणन म्हणतात. शब्द नवा आहे, पण ही पद्धत तुम्ही दरवर्षी दिवाळीच्या आसपास आपल्या वावरात पाहता, म्हणून मी सुरुवात तिथूनच करतो.

कापूस फुटला, सीतादहीची पूजा झाली की वेचणी लागते. सकाळी दहा-बारा बाया धुऱ्यावर उभ्या राहतात आणि प्रत्येकीला तिची पात मिळते. एकीची पात दुसरी धरत नाही. प्रत्येकीच्या कमरेला तिची स्वतःची ओटी असते. सगळ्या जणींनी वेचलेला कापूस प्रत्येक वेळी एकाच टोपल्यात आणून टाकायचा ठरवला, तर दिवस धावपळीतच जाईल. म्हणून आधी ओटी भरते, मग तो कापूस गाठोड्यात जातो आणि गाठोडं दिवसातून एक-दोनदाच हलतं. पाती सारख्या नसतात. एखाद्या पातीत झाडं गच्च फुटलेली असतात, एखादीत तुटाळी असते. जिची पात लवकर संपते ती मागं राहिलेलीच्या पातीत समोरच्या टोकाकडून शिरते. संध्याकाळी सगळी गाठोडी एका काट्यावर येतात आणि तिथं मात्र रांग लागते, कारण काटा एकच असतो.

काम कसं वाटायचं, प्रत्येकानं आपला माल जवळ कसा ठेवायचा, मागं पडलेल्याला कसं सांभाळायचं आणि एका काट्यापाशी होणारा खोळंबा कसा कमी करायचा, हे समांतर संगणनातले चार मोठे प्रश्न आहेत. चारही त्या वावरात उभे आहेत.

या विद्येचा आपल्या देशातला एक महत्त्वाचा अध्याय ज्यांनी लिहिला ते आपल्या शेजारचेच. इथल्या बनोसा स्टेशनवरून शकुंतला रेल्वेत बसलं की गाडी मूर्तिजापूरला जायची. त्याच मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा हे गाव आहे, आणि तिथं ११ ऑक्टोबर १९४६ रोजी डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. नागपूरला अभियांत्रिकी, बडोद्याला पुढचं शिक्षण आणि दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास झाला. ऐंशीच्या दशकात भारताला महासंगणक हवा होता आणि तो देणं न देणं अमेरिकेच्या हातात होतं. हवामानाच्या अंदाजासाठी क्रे बनावटीचं एक यंत्र मिळालं, तेही अटींसह. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही प्रगत संगणनाची संस्था सुरू झाली, भटकर तिचे प्रमुख झाले आणि १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला.

या यंत्राची रचना आपण समजून घेतली पाहिजे. त्या काळातला क्रे म्हणजे मोजक्याच, पण अत्यंत बलाढ्य प्रक्रियकांचं यंत्र. तसे प्रक्रियक आपल्याला मिळत नव्हते. परममध्ये इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रक्रियक एकमेकांना जोडले होते. प्रत्येकाची स्मृती स्वतःची, म्हणजे प्रत्येकाची ओटी वेगळी. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे होते. आपल्या खरेदीखतात शेताची चतुःसीमा लिहितात, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. ट्रान्सप्युटरची ओळखही तशीच होती: मी माझं काम करीन आणि माझ्या चार शेजाऱ्यांना निरोप देईन. अशा साध्या घटकांच्या मेळातून सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी करण्याची क्षमता आली. मोठा एकटा मिळत नसेल तर लहानांची नीट बांधलेली पंगत तेच काम करू शकते, हे या यंत्रानं दाखवलं. वऱ्हाडातल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट मनापासून पटली असणार, असं मला नेहमी वाटतं.

आता कागदांकडे येऊ. कागदांचा साठा म्हटलं की आपल्याला सर्वात जवळचा म्हणजे महसुलाचा. सातबारा, आठ-अ, फेरफाराची नोंदवही, कोतवाल बुक, पेरेपत्रक, जुनी हक्कनोंदणी. आपल्या भागाची अडचण अशी की या कागदांनी राज्यंही बरीच पाहिली. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, १९०३ साली मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १९६० साली महाराष्ट्रात. एकाच घराण्याच्या कागदांची भाषा, लिपी आणि रकाने या प्रवासात बदलत गेले.

२०२३ साली महाराष्ट्रानं असा एक शोध फार मोठ्या प्रमाणावर पाहिला. कुणबी नोंदींच्या तपासणीसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबरात नेमली गेली. त्यामागचा मराठा आरक्षणाचा प्रश्न माझ्या आजच्या विषयाच्या बाहेरचा आहे, मी फक्त कामाच्या पद्धतीबद्दल बोलतो. मराठवाड्यातले सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासले गेले आणि त्यांत ११,५३० नोंदी सापडल्या, असं ऑक्टोबरअखेरीस सांगण्यात आलं. म्हणजे साधारण दीड हजार कागदांमागे एक नोंद. आता एक साधा हिशेब करू. एका माणसानं एका कागदाला एक मिनिट दिलं, दिवसाला आठ तास काम केलं आणि एकही सुट्टी घेतली नाही, तर १ कोटी ७२ लाख कागद पाहायला त्याला सुमारे ९८ वर्षं लागतील. ते काम दोन महिन्यांच्या आत झालं, कारण आठ जिल्ह्यांतल्या अनेक कार्यालयांत असंख्य माणसं एकाच वेळी आपापली कागदांची बस्तानं सोडून बसली होती. यंत्रं दुय्यम होती, पण पद्धत समांतर संगणनाचीच होती.

हेच काम यंत्रांवर कसं होतं, याचा एक नोंदलेला प्रयोग सांगतो. गूगलमधल्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ साली मॅपरिड्यूस नावाची पद्धत जगापुढं मांडली. त्यांनी १,००० कोटी नोंदी घेतल्या, प्रत्येक नोंद १०० बाइटांची. त्यात तीन अक्षरांचा एक दुर्मीळ क्रम शोधायचा होता. एका यंत्रानं सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगानं नुसतं वाचायचं म्हटलं तरी पावणेतीन तास लागतात. माणसानं एका नोंदीला दोन सेकंद दिले तर रात्रंदिवस वाचूनही सहाशे वर्षांहून जास्त. त्यांनी त्या साठ्याचे १५,००० तुकडे केले, १,७६४ कामकरी लावले आणि सुमारे १५० सेकंदांत काम संपवलं. त्यातलं मिनिटभर तर सगळ्यांना कामाला लावण्यातच गेलं होतं. ९२,३३७ नोंदींत तो क्रम सापडला.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, साठा हलवला जात नाही, काम साठ्याकडे जातं. आपली पैसेवारी अशीच निघते. गावातलं पीक उचलून कोणी अमरावतीला नेत नाही. गावातच कापणी प्रयोग होतो, गावाचा आकडा ठरतो, तो तलाठ्याकडून तहसिलीत आणि तिथून जिल्ह्याला जातो. जिल्ह्याच्या टेबलावर फक्त आकडे पोचतात. मॅप म्हणजे प्रत्येक गावानं आपल्यापुरतं पाहणं आणि रिड्यूस म्हणजे वर बसून त्याची बेरीज करणं. दुसरी गोष्ट मागं पडणाऱ्याची. शेकडो यंत्रांत एखाद्याची चकती खराब असते, ते रखडतं आणि सगळ्यांचं काम त्याच्यासाठी अडतं. त्यांनी केलं ते आपल्या बायांनी आधीच केलेलं आहे: काम संपत आलं की रखडलेला तुकडा दुसऱ्या मोकळ्या यंत्रालाही द्यायचा, जो आधी संपवेल त्याचं उत्तर घ्यायचं. नोंदी क्रमानं लावण्याच्या एका प्रयोगात ही मदत बंद केली, तेव्हा त्याच कामाला ४४ टक्के जास्त वेळ लागला.

इथवर ऐकताना वाटेल की यंत्रं वाढवली की वेग वाढतो. तसं होत नाही. १९६७ साली जीन अमडाल या अभियंत्यानं हे फार थोडक्यात सांगितलं. कामाचा जो भाग एकामागून एकच होऊ शकतो, तोच शेवटी वेग ठरवतो. आजोबांच्या नावचा एक जुना फेरफार शोधायला मी एका अभिलेख कक्षात गेलो होतो. माझ्यासोबत घरची चार माणसं होती, बस्तानं वाटून घ्यायला आम्ही तयार होतो, पण खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते दुपारी आले. चाराऐवजी चाळीस माणसं नेली असती तरी ते दुपारीच आले असते. साठ मिनिटांच्या कामातली सहा मिनिटं किल्लीची असतील, तर हजार माणसं लावूनही काम सहा मिनिटांच्या आत होणार नाही. म्हणून या क्षेत्रातली हुशारी नुसती माणसं वाढवण्यात नसते. किल्लीचा आणि काट्याचा वेळ कमी करण्यात ती असते.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. काम वाटता कधी येतं? माल नीट मांडलेला असेल तरच. आणि इथं साध्या कागदात आणि रकाने आखलेल्या कागदात फरक पडतो.

अंजनगाव सुर्जी तालुक्यात कापूसतळणी नावाचं गाव आहे. समजा, आपल्याला जुन्या कागदांत कुठल्या शेतात कापूस पेरला होता ते शोधायचं आहे. यंत्राला नुसता 'कापूस' हा शब्द दिला, तर ते कापूसतळणीचा प्रत्येक कागद समोर आणून टाकेल, मग त्या शेतात ज्वारी असो की तूर. 'देशमुख' हा शब्द दिला, तर कुठं ते आडनाव असेल आणि कुठं वतन. शब्द एकच, अर्थ मात्र तो कुठल्या रकान्यात बसला आहे यावर ठरतो. सातबारा हा या दृष्टीनं फार विचारपूर्वक केलेला कागद आहे. वर नमुना सात: गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, भोगवटादार, आकार, इतर अधिकार. खाली नमुना बारा: वर्ष, हंगाम, पीक, सिंचनाचं साधन, पड जमीन. 'पिकाच्या रकान्यात कापूस आणि सिंचनाचा रकाना रिकामा' असं विचारलं की कोरडवाहू कपाशी आपोआप वेगळी होते. संगणकात हेच रकाने खुणा लावून दाखवतात: इथून नाव सुरू, इथं नाव संपलं, इथून पीक सुरू, इथं संपलं. एक्सएमएल नावाची अशी एक सर्वमान्य रीत १९९८ साली ठरली आणि जगभरचे दस्तऐवज तिच्या आधारानं बोलू लागले.

पण रकान्यांबरोबर एक नवी अडचण येते. साधा मजकूर कुठंही कापा, फारसं बिघडत नाही. आता फेरफाराच्या नोंदवहीची कल्पना करा. एक नोंद ४० व्या पानाच्या तळाशी सुरू होते आणि ४१ व्या पानावर संपते. वही मधोमध फाडून दोघांना वाटली, तर पहिल्याला वारसांची नावं मिळतील आणि मंजुरीचा शेरा दुसऱ्याकडे जाईल. दोघंही म्हणतील, आमच्याकडे पूर्ण नोंद नाही. शोध झाला, पण नोंद हरवली. खुणांच्या दस्तऐवजात एका नोंदीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी असते, तिथं हे आणखी बिकट होतं.

यावरचा उपाय पातीच्या शिवेवर असतो. दोन पातींच्या मधलं झाड कोणी वेचायचं, हे आधीच ठरलेलं असलं की भांडण होत नाही. यंत्रांचा नियमही तसाच आहे. ज्याच्या तुकड्यात नोंद सुरू होते, त्यानं आपली हद्द ओलांडून ती शेवटपर्यंत वाचायची. ज्याचा तुकडा नोंदीच्या मध्यावर सुरू होतो, त्यानं ती अर्धवट नोंद सोडून पुढच्या पूर्ण नोंदीपासून सुरुवात करायची. म्हणजे एकही नोंद सुटत नाही आणि एकही दोनदा मोजली जात नाही. जिथं खुणा फार खोल गुंतलेल्या असतात, तिथं आधी एक भरभर फेरी मारून फक्त सांगाडा पाहतात, कुठं काय उघडतं आणि कुठं बंद होतं ते टिपतात आणि मग वाटणी करतात. वाटणीआधीच्या त्या फेरीचे कष्ट पुढं भरून निघतात.

मांडणीची ही शिस्त आपण परदेशातून आणली, असं कोणी समजू नये. आपल्याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात, श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, म्हाइंभटांनी तिथं लीळाचरित्र सिद्ध केलं. ज्याच्या समक्ष जी लीळा घडली त्याच्याकडून ती ऐकायची, नागदेवाचार्यांपुढं पारखून घ्यायची आणि एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशा रचनेत एकेक लीळा स्वतंत्र ठेवायची. साक्षीदार अनेक आणि प्रत्येकाची आठवण त्याच्यापुरती, पण सगळ्यांना बसायला जागा मात्र ठरलेली. म्हणून इतक्या काळानंतरही अभ्यासक एखादी लीळा नेमकी दाखवू शकतो.

तीच शिस्त पुढंही दिसते. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि १९६६ साली ते पूर्ण झालं. सुमारे १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली, अनेक लिप्यांतली. पुण्याबरोबर शांतिनिकेतन आणि तंजावर इथंही पाठ ताडून पाहण्याचं काम चालत होतं. एकमेकांपासून इतक्या दूर बसलेल्या माणसांचं काम जुळलं, कारण सगळ्यांच्या पुढं तुलनेचा कागद एकाच पद्धतीनं आखलेला होता. श्लोक वर मांडायचा आणि प्रत्येक हस्तलिखितात तो जिथं वेगळा आहे तेवढंच त्या त्या अक्षराखालच्या घरात भरायचं. वि. सी. सुखटणकरांसारखा संपादक पुण्यात बसून ते कागद एकाखाली एक वाचू शकत होता. त्या काळी संगणक नव्हता, पण समांतर कामाला लागते ती मांडणी पूर्ण होती.

आज आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्रात जुन्या महसुली कागदांची छायाचित्रं काढून ती संगणकावर ठेवण्याचं काम सुरू झालं, तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांत अमरावती आणि अकोला होते. ही अभिमानाची गोष्ट आहे. कागद वाळवीपासून आणि पाण्यापासून वाचला. पण छायाचित्र म्हणजे नोंद नव्हे. यंत्राच्या दृष्टीनं ते ठिपक्यांचं चित्र आहे. त्यात तुमच्या पणजोबांचं नाव आहे, हे यंत्राला ठाऊक नाही. हजार यंत्रं लावली तरी ती हजार यंत्रं चित्रच पाहतील. त्या चित्रातला मजकूर वाचून, रकाना ओळखून कोणीतरी तो खुणेनं लिहिला पाहिजे, तेव्हा शोध सुरू होईल.

आणि लिहिताना अक्षरही सांभाळावं लागतं. आपल्या रोजच्या वापरातला 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, डोळ्याला फरक कळत नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका रीतीनं शोधलं की दुसऱ्या रीतीनं लिहिलेले सगळे शेतकरी गळतात. याच सी-डॅकनं जिस्ट तंत्रानं देवनागरी संगणकावर रुळवली, पुढं युनिकोडमध्ये ती जगाच्या पाठीवर पोचली. पण मधली कित्येक वर्षं मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकला गेला, जिथं पडद्यावर 'क' दिसतो आणि पोटात इंग्रजी अक्षर असतं. तो सगळा मजकूर आज दिसतो, छापता येतो, पण शोधता येत नाही. गुरुजींच्या भाषेत, तो फळीवर आहे आणि हरवलेला आहे. शोध सुरू करण्याआधी हे सगळं एका रीतीत आणणं हे प्रत्येक यंत्राला आपल्या तुकड्यापुरतं करता येतं, ते समांतरच चालतं. मात्र ते करायला हवं हे माणसाला सुचलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट जबाबदारीनं सांगतो. वेगानं सापडलेली नोंद खरी असतेच असं नाही. नावं सारखी असतात, गावं सारखी असतात, एका घरात तीन पिढ्यांत तेच नाव फिरतं. यंत्र उमेदवार समोर आणतं, निवाडा माणसानंच करायचा असतो, मूळ कागद हातात घेऊन. आणि ज्या कागदांत जात, कर्ज, वारस, तंटे लिहिलेले आहेत, ते क्षणात शोधता येणं म्हणजे कोणाच्याही घरात क्षणात डोकावता येणं. काट्यावर बसणाऱ्याचा हात जसा स्वच्छ लागतो, तसा शोधणाऱ्याचा हेतूही लागतो.

तरुण मित्रांना माझं एक सांगणं आहे. परम ८००० हे एका संस्थेचं, एका देशाच्या जिद्दीचं यंत्र होतं. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये प्रक्रियकाचे बहुधा आठ गाभे एकाच वेळी काम करतात. समांतर यंत्र प्रत्येकाच्या घरात आलं आहे. आता कमतरता यंत्रांची नाही, नीट मांडलेल्या नोंदींची आहे. आपल्या गावच्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर, सोसायटीच्या जुन्या वह्या, जिनिंगच्या पावत्या, शकुंतलेनं नेलेल्या कापसाचे घरोघरी उरलेले कागद, मंडळांच्या हिशेबाच्या चोपड्या. प्रत्येक गावानं आपली पात धरावी. कोणता रकाना कशाला, ते सर्वांनी मिळून एकदा ठरवावं, म्हणजे पुढं सगळ्या पातींचा माल एका काट्यावर येईल. दहा गावांनी दहा पद्धतींनी लिहिलं, तर ते दहा ढीग होतील. एका पद्धतीनं लिहिलं, तर तो दर्यापूरचा अभिलेख होईल.

हे शक्य आहे असं मी सांगतो, कारण मागच्या उन्हाळ्यात आम्ही ते थोडं करून पाहिलं. गुरुजींनी लिहिलेली वाचनालयाची दाखल नोंदवही, लांबट, कापडी बांधणीची, कडा झिजलेली. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, किंमत, शेरा. निळ्या शाईतलं ते तिरकं, एका मापाचं अक्षर. लेखकाचं नाव कधी ग्रंथनामाच्या रकान्यात सांडलेलं नाही. किंमत ठाऊक नसेल तर तिथं रेघ आहे, जागा रिकामी सोडलेली नाही, म्हणजे लिहायला विसरलो की माहीत नव्हतं, असा संशयच नको. महाविद्यालयातल्या पाच मुलींनी ती वही पानं वाटून घेतली, पान संपलं तरी नोंद संपेपर्यंत पुढं लिहायचं हा नियम पाळला आणि आपापल्या फोनवर ती सगळी रकानेवार उतरवली.

मग त्यांतली एक म्हणाली, "सर, शोधायचं काय?" मी म्हटलं, शेऱ्याच्या रकान्यात 'स्मरणार्थ' शोध.

पडद्यावर यादी आली. पुस्तकांची नावं डावीकडे आणि उजवीकडे शेरा: कोणाच्या आईच्या स्मरणार्थ, कोणाच्या वडिलांच्या, एका ठिकाणी लहान मुलाच्या. या गावानं ज्यांना ज्यांना निरोप दिला आणि ज्यांच्या नावानं कोणी एक पुस्तक आणून दिलं, ती माणसं वर्षांमागून वर्षं वहीत विखुरलेली होती, ती एका क्षणात एका ओळीत उभी राहिली. त्या मुली बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एकीला त्यात तिच्या पणजीचं नाव सापडलं होतं.

यंत्रानं तो शोध घेतला हे खरं. पण तो क्षण त्या वहीत पन्नास वर्षं आधीपासून होता. रोज संध्याकाळी दिव्याखाली बसून, कोणी पाहत नसताना, प्रत्येक गोष्ट तिच्या रकान्यात लिहिणाऱ्या माणसानं तो तिथं ठेवला होता. त्या माणसाला मी नमस्कार करतो.